पूजेआधीचं अपडेट

आमच्या लॅबमधले किस्से मी मुद्दाम गोळा करत नाही. अपडेट आलं, की मागोमाग किस्सा येतोच! कळंबच्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे, तात्पुरती. सगळ्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स. "सेमिस्टरची प्रॅक्टिकल निर्विघ्न पार पाडा, मग तुमच्या कायम होण्याचं संस्थेकडं बोलतो," असं विभागप्रमुख बिराजदार सर पहिल्याच दिवशी म्हणाले. तेव्हापासून पंख्याचा आवाज बदलला तरी मी दचकते.

*

सरांना अपडेट फार प्रिय. स्क्रीनवर सूचना दिसली, की लगेच 'होय'! आता लिनक्समध्ये पुष्कळ प्रोग्रॅम मिळून एकच लायब्ररी, म्हणजे तयार कोडची फाइल, वापरतात. चार भावांत विहिरीवर एक मोटर असते ना, तसं. एकासाठी नवी मोटर बसवली, की बाकीच्यांचे पाइप बसत नाहीत. आमचा डेटाबेस असाच बंद पडला. त्याला जुनीच लायब्ररी हवी होती.

सरांकडं उपाय तयार. "नवीला जुन्या नावाची लिंक द्या. लग्नात पोरीचं नाव बदलतात, संसार चालतोच की!"

दिली. डेटाबेसनं लायब्ररी उघडली, आतलं व्हर्जन तपासलं आणि पुन्हा मान टाकली. सासूसुद्धा इतक्या लवकर ओळखत नाही!

*

मग सरांनी सगळ्यांची मूळ लायब्ररी, लिबसी, घरच्या लॅपटॉपवरून आणली आणि एका मशीनमध्ये जुनीच्या जागी टाकली. "एकदम लेटेस्ट हाय!"

त्या क्षणापासून एकही कमांड चालेना. मी अशी किंचाळले, की शिपाई शिंदेकाका झाडू घेऊन धावत आले.

"मॅडम, पाल हाय का?"

"नाही काका, लिबसी!"

"चावती का?"

"व्हय काका!"

सर शांत. "एवढं काय त्यात? जुनी परत ठेवा की."

"सर, परत ठेवायच्या कमांडलाही तीच लायब्ररी लागते."

"मग हे बनवणाऱ्यांनी जरा डोकं चालवायला पाहिजे होतं!"

शेवटी पेनड्राइव्हवरच्या लिनक्सनं मशीन सुरू करून मी जुनी लायब्ररी जागेवर बसवली. सरांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, "पेनड्राइव्ह माझा होता."

*

यंदा प्रॅक्टिकल नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. खंडेनवमीला लॅबमध्ये मशीनची पूजा असते. सर म्हणाले, "पूजेआधी गाडी धुतात ना? मग कॉम्प्युटर अपडेट नको करायला?"

झालं! सगळी मशीन एकदम अपडेटला लावली. मध्येच लाइट गेली, हे सांगायलाच नको. परत आली तेव्हा काही मशीन नवी, काही जुनी, काही धड ना इकडची ना तिकडची.

"राहू द्या आता, पूजेची वेळ झाली." प्रत्येक सीपीयूला हळदकुंकू, झेंडूचं फूल. सरांचा खांदा दुखत होता, म्हणून नारळ माझ्या हातात. पहिल्याच घावात फुटला आणि आवाजानं दचकून मी काकांच्या पायावर उडी मारली.

"लई शुभ झालं," काका कण्हत म्हणाले.

मी कीबोर्डकडं वळले, तर सर ओरडले, "मॅडम! पूजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाय!"

दुसऱ्या दिवशी कॉलेजला कुलूप. दसऱ्याला गावी, वाशीत, घरोघर सोनं देताना मी नोकरी गेलेल्या माणसासारखी हसत होते.

*

प्रॅक्टिकलच्या दिवशी पहिल्या एसटीनं आले. अर्धवट राहिलेली पॅकेजं पूर्ण केली, सगळीकडं लायब्ररीचं डेटाबेसला चालणारं एकच व्हर्जन आणलं, एकेक प्रोग्रॅम उघडून पाहिला. बोटं कुंकवानं लाल. शेवटचं मशीन सुरू झालं तेव्हा पोरं दारात उभी होती.

एकही मशीन अडकलं नाही! बाहेरून आलेले परीक्षक चकित. "आमच्याकडं अपडेटनंतर निम्मी लॅब बंद पडलीय. तुम्ही नेमकं काय केलंत?"

मी तोंड उघडलं. सर जास्त चपळ. त्यांनी सीपीयूवरच्या कुंकवाकडं बोट दाखवलं. "खंडेनवमीची पूजा. मनापासून."

परीक्षकांनी गंभीरपणे मान हलवली. "नारळ कुणी फोडला?"

सरांनी मला पुढं ओढलं.

"ह्या मॅडमनी. एका घावात! ह्यांना कायमच करून घेतोय."