तळ्यातला मांगूर

दुपारच्या निश्चल पाण्याला एक वास असतो. शेवाळाचा, ओल्या मातीचा, उन्हात तापलेल्या बाभळीच्या शेंगांचा. नव्वदच्या दशकात काष्टीजवळच्या एका लहान गावात मी सून होऊन आले. माहेरची आठवण दाटली, की त्या वासाच्या सोबतीला मी तळ्याकाठी जाऊन बसे. पाण्यावर तांबूस रेशमाचा पुंजका तरंगत यायचा. ती मरळ माशाची पिल्लं! खाली, अंधूक हिरव्या छायेत, त्यांची आई त्यांना राखत संथ फिरायची. किती निःशब्द ते वात्सल्य!

तळ्यात जाळं टाकायचे ते आमचे शेजारी रामभाऊ. एका वर्षी त्यांनी बाहेरून मांगुराचं बी, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणून पाण्यात सोडलं. परदेशातून आलेला हा काळा, मिशाळ मासा झपाट्याने वाढतो, एवढंच त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तो वाढलाही. पण काय खाऊन? काही पावसाळ्यांतच बेडूक मुके झाले, मरळ दिसेनाशी झाली, आणि तो तांबूस पुंजका मी कधी स्वप्नात तर पाहिला नव्हता ना, असं मला वाटू लागलं.

एका संध्याकाळी जाळ्यात नुसते मांगूरच आले. रामभाऊ जाळं टाकून काठावर बसले.

"समदं तळं गिळलं यानं. आन् मीच आनला ह्याला."

मांगूर चिखलात दडतो, वरची हवा पिऊन जगतो; नुसत्या जाळ्याने तो संपत नाही. तळं पुरतं उपसायला हवं होतं. पण ऐन उन्हाळ्यात गावाच्या गुरांनी प्यायचं काय? पारावर माणसं तापली. तेव्हा रामभाऊंची बायको हौसाक्का उठली.

"पाऊस पडंस्तोवर गुरांचं पानी मी हिरीतनं शेंदते. तुमी तळं मोकळं करा."

मग एकाने पाणी उपसायचं आपलं इंजिन दिलं. पाणी ओसरलं, तसा चिखल जिवंत झाल्यासारखा वळवळू लागला. सगळं गाव पाटीनं मासे वेचत होतं. रामभाऊ छातीपर्यंत माखलेले. आणि विहिरीवर हौसाक्काचे तळहात सोलवटत होते. मी तिच्यामागे उभी राहून दोर धरला, तेव्हा ती नुसती हसली. त्या गावात मी परकी आहे, असं मला त्यानंतर कधी वाटलं नाही.

पावसाने तळं भरलं. ओढ्याच्या वरच्या डोहात उरलेल्या मरळी रामभाऊंनी हंड्यातून आणून सोडल्या, आणि वर्षभर जाळ्याला हात लावला नाही. मरळ पुन्हा रुजली.

पुढे एक व्यापारी नव्या जातीच्या माशाचं बी घेऊन आला. किती लवकर वाढतो, किती वजन भरतं, याचं गुणगान तो करत राहिला. रामभाऊंनी शांतपणे सारं ऐकून घेतलं.

"ते ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "आदी सांगा, ह्यो खातो काय?"

व्यापाऱ्याने पुन्हा वजनाचाच आकडा सांगितला. आपल्या दारी येणाऱ्या किती झगमगत्या गोष्टींना आपण हा साधा प्रश्न विचारतो?