कांबळे बाई थांबायच्या

कांबळे बाई वर्गात प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. सीमाभागातल्या त्या मराठी शाळेत मी नवीन होतो. पहिल्यांदा खिडकीतून पाहिलं तेव्हा वाटलं, बाई पुढचं विसरल्या. समोर वैशाली उभी होती, कंग्राळीच्या शेतकऱ्याची चौथीतली पोर. डोक्यात सगळं असायचं, पण एक वाक्य जुळवायला तिला सारा जीव गोळा करावा लागे. शेजारच्या मुलीने मध्येच शब्द पुरवला, तशा बाई म्हणाल्या, "थांब गं. ती बोलतीया न्हवं?"

बाई निपाणीकडच्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती आणि घरात शिकलेल्या बाईच पहिल्या. एकदा मला म्हणाल्या, "सर, गप बसलेलं आणि गप बसवलेलं, मला लगेच कळतं. आमची निम्मी पिढी तशीच गेली."

अशा मुलांसाठी सोय म्हणून कागदावर एक फिरता शिक्षक होता. तो वर्षातून दोनदा यायचा, चहा प्यायचा, सह्या घेऊन जायचा. मग तपासणी शिबिर झालं, तेही इथल्या सरकारी भाषेत, कन्नडमधून. वैशालीच्या घरात कन्नडचा शब्द नाही. मराठीतच जिचे एवढे हाल, तिला त्या भाषेत चित्रं ओळखायला लावली, आणि ती गप्प राहिली म्हणून लिहून टाकलं, मतिमंद. पाच मिनिटांत पोरीचा निकाल लावला. अजून आठवलं की डोकं फिरतं.

बाई पोरीला घेऊन दर शनिवारी शाळा सुटल्यावर कोल्हापूरची एसटी धरू लागल्या. तिथल्या वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मराठीतून तपासलं. बुद्धी चांगली आहे, भाषेची अडचण आहे, रोज सराव द्या आणि नेहमीच्याच शाळेत ठेवा, असा अहवाल दिला. बाई जुन्या कॅलेंडरची चित्रं कापून सराव घ्यायच्या. सहामाहीपर्यंत वैशालीने घरची म्हैस व्याल्याची हकीकत पाच वाक्यांत सांगितली. मी ती माझ्या कानांनी ऐकली.

तेवढ्यात शिक्षण खात्याचं पत्र आलं, की मुलीला शहरातल्या मतिमंदांच्या शाळेत हलवा. बाई, वैशालीचे वडील, वैशाली आणि मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. साहेबांनी अहवाल वाचलाही नाही. बाहेरच्या राज्याचा कागद चालत नाही म्हणाले. मग इथं मराठीतून तपासा, बाईंनी विनवलं. तसा माणूस नाही, असं उत्तर आलं. निदान तिच्याशी बोलून बघा, असं बाई म्हणाल्या, तेव्हा साहेबांनी तिला नाव विचारलं. वैशालीने ओठ जुळवले. पहिलं अक्षर आलं, तोवर साहेबांनी कागद ओढला.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तिचं नाव पुरं व्हायच्या आत तुम्ही शिक्का मारलासा."

साहेब माझ्याकडे वळले. काय सर, तुमचं काय मत? माझा हिंडलग्याला बदलीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर होता.

नव्या शाळेत वैशाली महिनाभर टिकली. येतं तेवढं बोलणंही बंद झालं, तसं वडिलांनी तिला घरी आणलं. कुठल्याच शाळेच्या हजेरीत आता तिचं नाव नाही. निवृत्त झालेल्या बाई रोज संध्याकाळी तिच्या घरी जातात. बदली होऊन मी हिंडलग्याला आलो. बाई मला कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत.

साहेबांचा संताप येतो, खात्याचा येतो. पण त्या खोलीत शाळेचा दुसरा शिक्षक मी होतो. पोरीची पाच वाक्यं ऐकलेला मी होतो. साहेबांनी विचारल्यावर मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "नियमात असेल तसं करा."