धूळ आणि धूर

थूल सर समोरच्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेत. रुमालानं काचा पुसत, उजेडाकडे धरून पाहत आणि परत देताना म्हणत, "किती दिवसांची धूळ घेऊन फिरून राह्यले, भाऊ? तुमाले काई दिसते तरी का?" कॉलेजात रुजू झाल्याच्या आठवड्यातच त्यांनी प्राचार्यांचा चष्मा असा काढला होता. प्राचार्य हसले, पण ते त्यांना आवडलं नव्हतं हे आम्हा सगळ्यांना कळलं.

ते पदार्थविज्ञान शिकवत, मी इतिहास. सत्तरचं दशक संपत आलं होतं. सर मूळचे नाचणगावचे. त्यांच्या आईचं आयुष्य जिनिंगमध्ये कापूस निवडण्यात गेलं होतं. वर्गात ते वऱ्हाडीतच बोलत. स्टाफरूममध्ये कुणी त्यावरून टोमणा मारला, तर शांतपणे म्हणत, "माह्यं विंग्रजी फळ्यावर रायते, तोंडात नाई येत." टोमणे मारणाऱ्यांना त्यांच्या बोलण्याचं वावडं होतं की आडनावाचं, हे मी कधी विचारलं नाही. उत्तर ठाऊक होतं.

आमच्या गावात कापसातून सरकी काढणारी एक जिनिंग फॅक्टरी होती. रुईच्या दाबून बांधलेल्या गठाणी ठेवायचं तिचं मोठं गोदाम होतं आणि मालकाला सतत आगीची धास्ती. एक म्हातारा कामगार रोज गोदामात फिरून गठाणींत हात खुपसून ऊब लागते का ते पाही. मालकाचे थोरले भाऊ आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या सांगण्यावरून सरांनी त्या गोदामासाठी एक यंत्र तयार केलं.

यंत्र समजायला सोपं होतं. एका भिंतीवर उंच दिवा, समोरच्या भिंतीवर प्रकाश मोजणारा फोटोसेल, मधून प्रकाशाचा झोत. धूर झाला की झोत मंदावणार आणि बाहेर घंटी वाजणार. अडचण होती ती रुईच्या धुळीची. ती काचेवर बसत राही, प्रकाश रोज थोडा कमी होई आणि धूर नसतानाच घंटी वाजे. म्हणून सरांनी अशी सोय केली, की प्रकाश हळूहळू कमी झाला तर यंत्र फोटोसेलकडून मिळालेला संदेश आपणहून तेवढाच वाढवून घेई, आणि घंटी गप्प राही. प्रकाश एकदम कमी झाला तरच ती वाजे. वाढवण्याची हद्द संपली की बाहेरच्या पेटीवर लाल दिवा लागे. त्याचा अर्थ, काच पुसा.

"धूळ हळूहळू येते, धूर एकदम येते," सर भेटेल त्याला सांगत. "तेवढाच फरक शिकवला मी यंत्राले."

अध्यक्षांनी त्यांना हार घातला. काच पुसण्याचं काम गिरिजाबाई नावाच्या कामगार बाईकडे आलं. शिडीवर कसं चढायचं, कापड कसं फिरवायचं, हे सरांनी तिला स्वतः शिकवलं. गठाणींत हात घालून फिरणाऱ्या म्हाताऱ्याला फॅक्टरीच्या मॅनेजरनं दुसऱ्या कामावर लावलं. घंटी असताना म्हाताऱ्याची गरज काय, असं मॅनेजरचं म्हणणं.

पहिल्याच हंगामात मॅनेजर सरांकडे तक्रार घेऊन आला. गठाणी आत-बाहेर करताना रुईचा लोटच्या लोट उडे, घंटी वाजे, बाया बाहेर पळत, काम थांबे.

"यंत्राले जरा लवकर सावरून घ्याले लावा ना सर," तो म्हणाला.

"लावता येते. पन मंग ते थोडाबहुत धूरबी सावरून घेईन."

"थोड्याशा धुरानं काय होते?"

सरांनी सावरून घेण्याचा वेग ठरवणारं बटन फिरवलं. त्यानंतर घंटी विनाकारण वाजली नाही. मॅनेजर खूश झाला आणि जिल्ह्यातल्या दुसऱ्या जिनिंगवाल्यांनीही सरांकडून तसंच यंत्र, तसंच बटन लावून घेतलं.

दोन हंगाम निघाले. मग एका सोमवारी, सुटीनंतर फॅक्टरी उघडली तेव्हा पेटीवर लाल दिवा लागलेला होता. मॅनेजरनं गिरिजाबाईला काच पुसायला पाठवलं. तिची जाऊ सखूबाई सोबत होती. पुढचं मला सखूबाईनंच सांगितलं. दाराशी गिरिजाबाई थांबली आणि म्हणाली, "साहेब, वास येऊन राह्यला."

मॅनेजर म्हणाला, "घंटी वाजली काय? नाई ना? मंग जाय."

ती आत जाऊन शिडीवर चढली. एक गठाण सुटीभर आतल्या आत धुमसत होती. धूर इतका सावकाश वाढला, की यंत्रानं त्याला धूळच समजून हद्द संपेपर्यंत सावरून घेतलं होतं. उघड्या दारातून वारा आत गेला आणि गठाणींनी पेट घेतला. सखूबाईनं तिला ओढून काढलं, पण सेवाग्रामच्या दवाखान्यात ती चौथ्या दिवशी वारली.

चौकशीत मॅनेजरनं सांगितलं, बाईजवळ आगपेटी होती. अध्यक्षांनी सरांना घरी बोलावून घेतलं. "तुमच्यावर काही येत नाही. तुम्ही फक्त गप्प राहा," ते म्हणाले.

सर गप्प राहिले नाहीत. चौकशी अधिकाऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सांगितलं, "तिच्यापाशी काईच नोयतं. बटन मी फिरवलं. धूर मोठा झाला अन् यंत्रानं तो लपवला. मॅनेजरनं मागतलं अन् मी देल्लं." अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, असं यंत्र बसवायचा परवाना आहे का? नव्हता. मग त्यांचं म्हणणं लिहूनच घेतलं नाही. कागदावर राहिली ती गिरिजाबाईची आगपेटी.

त्या दिवशी बाहेर येताना सर मला म्हणाले, "माही माय सांगे, कापूस आतून जळते, वरून पता लागत नाई. लहानपनापासून आयकत होतो मी. मंग धूर एकदम येते हे काऊन सांगत फिरलो?"

ते गिरिजाबाईच्या घरी गेले, मीही गेलो. तिच्या नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "तुमी खरं सांगतलं, सर," तो म्हणाला. "आता जा. पुन्हा येऊ नका." सरांनी हात जोडले. त्यानं जोडले नाहीत.

कॉलेजनं त्यांच्याकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या परत मागितल्या. वर्षभरात त्यांनी राजीनामा दिला आणि ते नाचणगावला राहू लागले. त्यानंतरची त्यांची वर्षं एसटीत गेली. सिंदी, वडनेर, पुलगाव, जिथे जिथे त्यांचं यंत्र होतं तिथे जाऊन ते मालकांना विनवत, "बटन मागं फिरवू द्या. अन् गठाणीत हात घालून पाहनारा मानूस परत ठेवा." एकदा मी बरोबर होतो. त्या मालकानं चहा पाजला, बटन फिरवू दिलं. आम्ही फाटकापर्यंत पोहोचलो नाही तोच आत घंटी वाजली आणि लगेच बंद झाली. बटन पुन्हा पुढे फिरलं हे ओळखून सर थांबले, पण मागे गेले नाहीत. "पुढच्या महिन्यात येऊ पुन्हा," एवढंच म्हणाले. पुढच्या खेपेला त्यांना फाटकावरच अडवलं.

ऐंशीचं दशक सरता सरता ते छातीच्या दुखण्यानं गेले. कॉलेजात शोकसभा झाली. अध्यक्षांनी भाषणात सांगितलं, की थूल सरांनी या मागास भागात विज्ञान आणलं आणि जिल्ह्यातल्या जिनिंग आजही त्यांच्या यंत्राच्या भरवशावर निर्धास्त आहेत. मॅनेजर पहिल्या रांगेत बसला होता. आम्ही सगळे दोन मिनिटं उभे राहिलो.

बाहेर आलो तर फाटकाशी सखूबाई उभी होती. आत कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून ती बाहेरूनच ऐकत होती. मी तिला म्हणालो, "खरं बोलणारा तो एकच माणूस होता, बाई."

"हाव," ती म्हणाली. "त्यायनं कबूल केलं, बाकी कोनीच नाई केलं. पन माह्या जावेले त्याचा काय उपेग झाला?"

तिची दुपारची पाळी होती. पदर सारखा करून ती जिनिंगच्या रस्त्याला लागली.