एस्तेरबाई आणि सरव्याची टोपली

एस्तेरबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे हात कोपरापर्यंत शेणात होते. निजामाच्या राज्यातले ते दिवस. हैदराबादच्या कॉन्व्हेंटात मला मुदतीचा ताप आला आणि सिस्टरांनी मला हिंगोलीला घरी पाठवलं. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. पाऊस नुकता उलटला होता. बाई मिशनच्या शिक्षिका; त्या तरुण वर्गाच्या मुलामुलींना घेऊन प्रार्थनामंदिराची जमीन सारवत होत्या, आणि मी बूटमोजे घालून दारात उभी होते.

"बूट काढा, मडम," बाई म्हणाल्या. "शेण बूट ओळखत न्हाई."

सगळी पोरं हसली. मी बूट काढले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, बाई पंचविशीच्या. यंदा त्यांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत.

या गौरवग्रंथासाठी सत्कार समितीनं तयार केलेला बाईंचा जीवनपट माझ्यापुढे आहे. त्यात एक ओळ आहे : "त्यानंतर बाई स्वेच्छेने कुरुंद्यास गेल्या." ही ओळ खोटी आहे. मी तसं कळवलं तेव्हा उत्तर आलं, "शुभप्रसंगी जुनं कशाला उकरता?" गौरव करायचा आणि ज्याबद्दल करायचा तेच पुसून टाकायचं, ही रीत मला कळत नाही. म्हणून जे घडलं ते लिहिते.

बाईंच्या वर्गातली बहुतेक मुलं दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबत आणि दिवेलागणीच्या आत वर्गाला येत. बाई त्यांना वाचायला, गायला, शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, गोष्टी सांगायला शिकवत. कुणी उशिरा आलं तर रागवत नसत. "आधी पाणी पी, मग वाच," एवढंच म्हणत.

ज्वारीची काढणी झाली की आमच्याकडे हंगामाची उपासना असे. ज्यांना शेत होतं ती घरं पहिली कणसं, शेंगा, भोपळे आणून वेदीपुढच्या टेबलावर ठेवत. ज्यांना शेत नव्हतं त्यांची मुलं मागच्या भिंतीशी रिकाम्या हातांनी उभी राहत. त्या वर्षी बाई त्यांना घेऊन सरवा वेचायला गेल्या. काढणीनंतर रानात पडून राहिलेली कणसं म्हणजे सरवा. बाईंनी आधी शेतकऱ्याची परवानगी घेतली. तो म्हातारा म्हणाला, "वेचा की बाई. पाखरानं खाल्लं काय अन् लेकरानं नेलं काय, मला बराबरच." धसकटांनी माझे पाय रक्ताळले. वर्गातली माझ्याच वयाची सखू मला चिडवत होती, "मडम, आता बूट घाल की!"

उपासनेच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी मुलांकडून नाटक बसवून घेतलं होतं : सासूसाठी परक्या रानात सरवा वेचणाऱ्या सुनेची शास्त्रातली गोष्ट. सखू सून झाली होती. आमच्या ख्रिस्ती मंडळीचे थोरले पंच पहिल्या रांगेत बसून उपरण्यानं डोळे पुसत होते.

दुसऱ्या दिवशी सखू सरव्याची टोपली घेऊन टेबलाशी गेली. त्याच पंचांनी हात आडवा केला.

"हे कुठलं?"

"सरवा हाय जी."

"उचललेलं धान्य देवाला चालत न्हाई. खाली ठेव, टेबलाखाली."

सखू टोपली धरून तशीच उभी राहिली. उपासना चालवणारे पाळक जमिनीकडे बघत होते. मग बाई उठल्या.

"पंच, काल तर तुमी रडलात."

"काल नाटक होतं, बाई."

"मग आज काय चालू हाय?"

बाईंनी आपल्या अंगणातला भोपळा टेबलावरून उचलून जमिनीवर ठेवला आणि त्याच्या जागी सखूची टोपली ठेवली, मधोमध. मग मागच्या भिंतीकडे वळून म्हणाल्या, "या रे लेकरांनो, काहून थांबलात?" एकेक मूल पुढे आलं.

आठ दिवसांत बाईंना दूर कुरुंद्याला जाण्याचा मिशनचा हुकूम आला. कारण दिलं बेशिस्तीचं. तरुण वर्ग बंद झाला. बाईंची बैलगाडी निघाली तेव्हा पोरं वेशीपर्यंत धावत गेली, आणि पंच घरात बसून होते. याला जर 'स्वेच्छेने' म्हणायचं, तर जुलूम कशाला म्हणायचं?

मी कॉन्व्हेंटात परतले. दर दिवाळीनंतर कुरुंद्याहून माझ्या नावानं कापडी पिशवी येई. आत ज्वारीच्या लाह्या आणि चिठ्ठी : "एकटीनं खाऊ नकोस." मला त्या शाळेत पुष्कळ प्रार्थना पाठ झाल्या. वाटून खायला या पिशवीनं शिकवलं.

गेल्या महिन्यात बाईंना भेटले आणि हे सगळं लिहिणार म्हणून सांगितलं. त्या हसल्या. "राहू दे गं. पंच बिचारे कधीच गेले. मी तेव्हाच माफ केलं त्यांना." बाई माफ करू शकतात, तो त्यांचा अधिकार आहे. मी टेबलाशी उभी राहिलेली सखू पाहिली आहे. मला अजून ते जमलेलं नाही.

सखू आता आजी झाली आहे. सत्काराला येताना ती यंदाच्या सरव्याची टोपली आणणार आहे, स्वतः वेचून. भेटवस्तू मागच्या खोलीत जमा कराव्यात, असं समितीचं पत्रक सांगतं. ही टोपली मागच्या खोलीत जाणार नाही. ती व्यासपीठावरच्या टेबलावर, हारतुरे बाजूला सारून, मधोमध ठेवली जाईल. तोवर मी भाषणाला उभी राहणार नाही, आणि ती 'स्वेच्छेने'ची ओळ छापली तर माझा लेख काढून टाकावा.

बाईंचे गुडघे हल्ली दुखतात, पण आवाज तसाच खणखणीत आहे. देवानं त्यांना निरोगी ठेवावं, आणि पुढचे पुष्कळ हंगाम त्यांनी मागच्या भिंतीकडे वळून विचारत राहावं, "काहून थांबलात?"