कुंपणातली ओकची फांदी

नेदरलँड्समधल्या फेलुवेच्या जंगलात संशोधक राखी वानखेडेचं एक कुंपण होतं. दीड पुरुष उंच, तारेचं. आत हरणांना मज्जाव, बाहेर हरणांचं राज्य. आत काय उगवतं आणि बाहेर काय उरतं, एवढंच तिला पाहायचं होतं. ते पाहता पाहता तिची कैक वर्षं गेली. आत ओकची रोपं तिच्या खांद्याला लागली. बाहेरची रोपं वीतभर झाली की शेंड्यापासून खुडली जात. म्हातारे ओक खंबीर उभे होते, पण त्यांच्यामागे वाढणारं कुणी नव्हतं.

आता जंगल सांभाळणाऱ्या संस्थेने तिचं मत मागितलं होतं. हरणं कमी करावीत का? ती हो म्हणाली, तर या हिवाळ्यात बंदुका जास्त चालणार होत्या. आणि राखी तर रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून पंचशील म्हणणारी. त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्येपासून दूर राहण्याचं.

तिने अकोल्याला वडिलांना फोन लावला.

"दोन वाघ सोडा म्हणावं," भीमसेन म्हणाले.

"बाबा, लांडगे आलेत थोडे. त्यांच्यानं भागत नाही."

"मग लिहून टाक, मला माहीत नाही म्हणून."

"माहीत आहे ना पण."

भीमसेनांनी पलीकडे पंखा बंद केला.

"खोटं न बोलण्याचंही एक शील आहे, पोरी. मास्तर म्हणून दोन्ही शिकवली मी. ती एकमेकांसमोर उभी राहिली तर काय करायचं, हे मला कधी कुणी विचारलं नाही."

राखीने जे दिसलं तेच लिहिलं: हरणं कमी करावीत. मग विम नावाच्या वनरक्षकाला ती म्हणाली, "शिकारीच्या पहिल्या दिवशी मी येणार."

विम हसला. "तू? सायकल थांबवून गोगलगाय बाजूला ठेवतेस तू."

"म्हणूनच. सांगून घरी बसणार नाही."

डिसेंबरातली करडी सकाळ होती. विमच्या बंदुकीचा एकच बार झाला, आणि जंगल गप्प झालं. दोघं जवळ गेली. पडलेल्या हरिणीचा डावा कान फाटका होता. राखीने तिला लगेच ओळखलं. कितीतरी हिवाळे ही कुंपणाला नाक लावून आतल्या रोपांकडे बघत उभी राहायची.

विमने टोपी काढली. पडलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून एक डहाळी ठेवायची, ही तिथल्या शिकाऱ्यांची रीत. विमच्या घरात ती ओकचीच असे. त्याने आजूबाजूला पाहिलं. हात पोचेल अशी ओकची एकही डहाळी नव्हती. सगळं खाल्लेलं.

"पाइनची ठेवतो," तो पुटपुटला.

"थांब," राखी म्हणाली.

ती कुंपणाशी गेली, कुलूप काढलं. आतल्या रोपाचं पान तोडलं म्हणून तिने विद्यार्थ्यांना झापलं होतं. आज तिने सगळ्यांत उंच रोपाचा शेंडा स्वतःच्या हाताने मोडला. वाळकी तांबूस पानं अजून त्याला धरून होती.

परत येऊन ती गुडघ्यांवर बसली. हरिणीचं तोंड अजून ऊबदार होतं. तिने फांदी अलगद दातांमध्ये ठेवली.

"हीच हवी होती तिला," ती म्हणाली.

विमने टोपी पुन्हा डोक्यावर घातली. थोड्या वेळाने राखी उठली आणि उघडं राहिलेलं फाटक लावायला गेली.