लार्ज मापाचा पट्टा

नवरा झाडावर चढतो हे मला त्याच्या पँटवरून कळलं. धुवायला टाकलेल्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांना हिरवं शेवाळ लागलेलं, मांडीपाशी झाडाच्या चिकाचा डाग. आयर्लंडमधल्या ॲथलोनला राहून आम्हाला तीन वर्षं झाली होती, चिखलाची मला सवय होती, पण गुडघ्याला शेवाळ? विचारलं तर म्हणाला, "अगं, मचाणावर बसतो ना."

"कुठे?"

"झाडावर. पंधरा फूट असेल. फार नाही."

फार नाही म्हणे! आमच्या वरच्या मजल्याची खिडकीसुद्धा तेवढी उंच नाही. मी फिजिओथेरपिस्ट. इथल्या रजिस्ट्रेशनचे कागद रखडले होते म्हणून घरी भाकरवडी आणि चकल्या करून विकत होते, पण पुण्यात मणक्याच्या वॉर्डात चार वर्षं काढलेली बाई आहे मी. शेवग्याची फांदी मोडून पडलेले, कैऱ्या काढताना पडलेले, सगळ्यांना मी व्हीलचेअरमध्ये बसायला शिकवलंय. आणि त्यातला प्रत्येक जण मला सांगायचा, "ताई, फार उंच नव्हतं हो."

मचाण आमच्या मागच्या शेजाऱ्याचं. सत्तरी ओलांडलेला शेतकरी, एका पायाने लंगडणारा. मी त्याला म्हातारबा म्हणते, अर्थात घरात. वस्तीच्या मागे त्याचं शेत, शेताच्या कडेला त्याचं रान, आणि त्याने लावलेली कोवळी रोपं हरणं खाऊन जातात म्हणून तो बंदूक घेऊन मचाणावर बसतो. रानाच्या दोन टोकांना दोन मचाणं. दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात त्याने कुंपणावरून माझ्या नवऱ्याला विचारलं, येतोस का शनिवारी दुपारचा? आणि हा गेला. ज्याच्या आईसमोर आम्ही अंड्याचा ट्रे लपवतो, तो शिकारीला! लायसन्सचे कागद पोलिसांकडे पडून होते, त्यामुळे याच्याकडे नुसती दुर्बीण. इकडे हा बघणार, तिकडे म्हातारबा मारणार. सगळ्या उन्हाळ्यात एक हरीण काही मेलं नाही. मला त्याचा आनंदच होता.

मी अडवलं का नाही, ते सांगते. नवरा भूलतज्ज्ञ, शेजारच्या गावातल्या सरकारी हॉस्पिटलात. वीस सालच्या मार्चपासून तो कोविडच्या आयसीयूत ड्युटीला होता. घरी यायचा, गॅरेजमध्ये कपडे बदलायचा, अंघोळ करायचा आणि ताटासमोर बसून राहायचा. घास चिवडायचा. झोप उडाली होती. विचारलं की एकच उत्तर, "ग्रँड आहे गं." इथले लोक 'ठीक आहे' म्हणायला वापरतात तो हा आयरिश शब्द तो उचलून बसला होता, आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा. डोंबलाचं ग्रँड! पण शनिवारी रानातून आला की दोन पोळ्या जास्त खायचा. मग मी काय बोलणार?

"बांधून तरी घेतोस का स्वतःला?" मी विचारलं.

"नीट धरून बसलं की झालं. म्हातारबा चाळीस वर्षं बसतोय."

"आणि लंगडतो कशाने?"

मग कळलं, मचाणावरूनच पडला होता. खुबा मोडला होता. कप्पाळ माझं!

त्याच दिवशी मी लॅपटॉप उघडला. एका हाताने भाकरवडी तळायची, दुसऱ्या हाताने पट्टे बघायचे. इतके प्रकार असतील असं वाटलं नव्हतं. नुसता कमरेचा पट्टा होता, स्वस्त आणि सुटसुटीत. तो मी लगेच बाद केला, कारण पडताना सगळा झटका एका कमरेवर आला तर पोट आणि मणका दोन्हीची वाट लागते. बांधकामावरच्या कामगारांचे होते, ते इतके जड की हा घालणारच नाही. शेवटी शिकाऱ्यांचाच एक मिळाला. दोन्ही खांद्यांवरून, छातीवरून आणि दोन्ही मांड्यांभोवती पट्टे, पाठीकडून झाडाला बांधायची दोरी. सोबत खोडाला वरपासून खालपर्यंत सोडायचा लांब दोर आणि त्यावर सरकणारी गाठ. म्हणजे जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीला टेकेपर्यंत माणूस अडकवलेला राहतो. लोक वर बसून कमी पडतात, चढता-उतरताना जास्त, हे मी तेव्हा वाचलं. वाचायला नको होतं. लोंबकळत राहिलात तर पाय टेकवायला एक वेगळी पट्टीसुद्धा होती त्यात, कारण मांड्या आवळल्या की पायांतलं रक्त वर येत नाही. ती बघून मी म्हटलं, हाच.

आता माप. त्याला स्वयंपाकघरात उभा केला, ब्लाउजचं माप घेते त्याच टेपने छाती घेतली, मांडी घेतली, वजनकाट्यावर उभा केला. तक्त्यात बघितलं. मीडियम. अगदी मधोमध मीडियम, शंकेला जागा नाही.

मी लार्ज मागवला.

आता हसाल. पण आमच्या घरात कुठलीही वस्तू बरोब्बर मापाची आणायची रीतच नाही. युनिफॉर्म दोन वर्षं पुढचा, बुटांत कापसाचे बोळे, याचा लग्नातला सूटसुद्धा "लग्नानंतर अंग भरतं हो" म्हणून सैल शिवलेला. सैल असलेलं आवळता येतं, घट्ट झालेलं काय करणार? शिवाय वरून जाड जॅकेट येणार, थंडी तोंडावर आलेली, मी डिंकाचे लाडू करणार, महिन्या-दोन महिन्यांत हा पूर्वीसारखा होणार. असा सगळा हिशोब मी मनात केला आणि बटण दाबलं. तो मागून म्हणाला, "अगं, मीडियम येतंय ना?" म्हटलं, "तू गप्प बस. तुला कळतं का कपड्यातलं?"

पार्सल इंग्लंडहून यायचं होतं. ब्रेक्झिटनंतर तिकडून येणारी प्रत्येक गोष्ट कस्टममध्ये मुक्कामाला थांबायची. तीन शनिवार गेले. तिन्ही शनिवारी तो तसाच गेला, धरून बसायला. आणि मी खिडकीशी. अँब्युलन्सचा आवाज कुठेही आला की माझा हात पिठातच थांबायचा. एकदा फोन केला तर उचलला नाही. पंचवीस मिनिटांनी आला उलटा फोन, "सायलेंटवर होता गं, हरणं बिचकतात." मी त्याला इतकी बोलले, इतकी बोलले, की शेवटी मलाच रडू फुटलं.

पट्टा आला. सोबतचं पुस्तक मी तीनदा वाचलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, झाडावर जाण्याआधी जमिनीपासून वीतभर वर, कोणीतरी शेजारी असताना, लटकून बघा. म्हणून आम्ही म्हातारबाच्या गवताच्या शेडमध्ये गेलो. वर लोखंडी तुळई होती. म्हातारबाने दोर अडकवला, नवरा स्टुलावर उभा राहिला, मी एकेक बक्कल लावलं. पट्टे शेवटपर्यंत ओढले. अजून थोडे आवळायला हवे होते, पण पुढे भोकंच नव्हती. मी म्हटलं, थोडं सैल बरं, रक्त फिरतं राहतं. फिजिओ आहे मी, असं म्हटलं मी!

म्हातारबाने स्टूल काढलं.

हा आतल्या आत घसरला. मांड्यांचे पट्टे जांघेत गेले, खांद्यांचे वर सरकले, आणि छातीवरचं बक्कल सटकन हनुवटीखाली येऊन गळ्यावर बसलं. त्याला बोलता येईना. हात वर करून तो पट्टा ओढायला बघत होता. मी पुस्तक हातात धरून नुसती उभी. किती वेळ, देव जाणे. दोन सेकंद असतील. मग धावले आणि त्याच्या मांड्यांना मिठी मारून त्याला वर उचललं. म्हातारबाने पायाखाली स्टूल सरकवलं.

आयुष्यभर मी पेशंट उचललेत. माझ्या हातांना वजन कळतं. आणि त्या दिवशी त्याला उचलताना मला जोर लागलाच नाही. काटा काय सांगत होता ते मी घरात वाचलं होतं, पण मानलं नव्हतं. मिठीत फक्त हाडं होती.

नवरा खोकत होता. म्हातारबाने पट्ट्यावरची चिठ्ठी उलटून बघितली. "कोणाच्या मापाचा आणलास हा?" त्याने मला विचारलं. रागाने नाही, साधंच विचारलं. मग बक्कल सोडवता सोडवता तो म्हणाला, "नीट मापाचा आण बाई. तो वर झोपतो. मी दोनदा हाक मारून उठवलाय."

झोपतो? पंधरा फुटांवर, काही न बांधता, झोपतो?

घरात शिरल्याबरोबर मी फुटले. "जीव नकोसा झालाय का तुला? झोपायचं तर घरी पलंग आहे, गादी आहे, मी आहे! माझ्या छातीवर ही धोंड कशाला ठेवतोस?" तो ओट्याला टेकून उभा राहिला. गळ्यावर लाल वळ उठला होता. या वेळी तो "ग्रँड" म्हणाला नाही.

"घरी तू असतेस म्हणून झोप लागत नाही," तो म्हणाला. "तुझा श्वास ऐकू येतो. मग मी मोजत बसतो. एक गेला की पुढचा येईपर्यंत थांबतो. वर कोणीच नसतं गं. मोजायलाच काही नसतं."

दीड वर्ष मला वाटत होतं, तो त्या पेशंटांच्या आठवणीने जागा असतो. तो माझ्यावर पहारा करत होता.

मी लार्ज परत केला आणि मीडियम मागवला. पट्टा येईपर्यंत झाडावर जायचं नाही अशी शपथ घातली, आणि त्याने ती पाळली. मी दुसऱ्या खोलीत झोपून बघितलं. काही उपयोग नाही, दाराशी येऊन उभा राहायचा, ऐकायला. हॉस्पिटलातल्या काउन्सेलरची वेळ घेतली, तीही तीन आठवड्यांनंतरची. पट्टा येईपर्यंतचे दोन शनिवार तो घरात जागा. त्याचे डोळे बघून मला वाटायचं, याला मीच कोंडून ठेवलंय.

पट्टा आला तो ऑक्टोबरमध्ये. परत ती शेड, परत स्टूल. या वेळी प्रत्येक पट्ट्याखाली माझी दोन बोटं सपाट घालून बघितली, तिसरं जात नव्हतं. स्टूल काढलं. तो लटकला, बक्कल जागच्या जागी. म्हातारबाने मान डोलावली. तरी मी त्याला पाच मिनिटं तसाच ठेवला, पायाची पट्टी वापरायला लावली, मग उतरवला.

त्या शनिवारी मी रानात गेले. "तू कशाला?" तो म्हणाला. "माझी मर्जी," म्हटलं. म्हातारबा लांबच्या मचाणावर निघून गेला. हा चढला, दोरावरची गाठ त्याच्याबरोबर वर सरकत गेली. वर बसून त्याने पाठीमागची दोरी आखूड केली, ओढून दाखवली, आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

दहा मिनिटांत दुर्बीण मांडीवर आली. मग मान कलली. मग सगळं अंगच एका बाजूला झुकलं, आणि मी दोन्ही हात वर करून पुढे धावले, जणू काही मी झेलणारच होते त्याला! दोरी ताणली गेली. पट्ट्याने त्याला धरला. तो उठला नाही. तोंड उघडं टाकून लहान मुलासारखा झोपला होता.

मी खोडाशी उभी होते. धापेने माझी छाती भात्यासारखी हलत होती, आणि त्या शांततेत मला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. मी तोंडावर हात दाबला आणि पानं वाजू न देता मागे सरकत गेले, चार झाडं, पाच झाडं, माझा श्वास त्याला ऐकू जाणार नाही इतकी लांब.