तारेवर बसलेली कबुतरं

फोन ताईचा होता. "हे गेले गं," एवढंच म्हणाली. लंडनमधल्या एजवेअरच्या घरात जिन्याच्या पायरीवर मी तशीच बसून राहिले. सुधाकर भावोजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हृदयाच्या दुखण्याने वर्षभर खचत चालले होते. तरी बातमी अंगावर आलीच. त्याला आता काही आठवडे झाले.

भावोजी कॉव्हेंट्रीला इलेक्ट्रिसिटी बोर्डात इंजिनिअर होते. शहराबाहेरच्या शेतांवरून जाणाऱ्या लाइन्स त्यांच्याकडे असत. ऐंशीच्या दशकात मी ताईकडे राहायला गेले की संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येऊन खुर्चीत टेकत आणि म्हणत, "आज पुन्हा छर्रे." पिकावर उतरणारी कबुतरं शेतकरी बंदुकीने मारत, आणि ती बसत नेमकी तारांवर. छर्‍यांनी तारा खांबावर धरून ठेवणारे चिनीमातीचे इन्सुलेटर तडकत, तारेचे पदर तुटत. त्या दिवशी काहीच होत नसे. मग एखाद्या वादळात तार खाली येई. दर ऑक्टोबरला, पाखरांच्या शूटिंगचा हंगाम सुरू झाला की, भावोजी शेतांवर, शूटिंग क्लबात जाऊन तेच सांगत : तारेच्या दिशेने बंदूक उचलू नका, पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. लोक चहा देत, मान डोलवत. पुढच्या ऑक्टोबरला पुन्हा तेच.

जॉर्ज त्यांतलाच एक शेतकरी, पण मित्र झालेला. ताईकडची पुरणपोळी खायला यायचा, आमटीला 'सूप' म्हणायचा. एका वादळानंतर भावोजी त्याच्या भागात लाइन बघायला गेले, तर तार तुटून कुंपणापलीकडच्या गवतात पडलेली. जॉर्ज हातात काठी घेऊन तिच्याकडे निघालेला, पुढे त्याची कुत्री पॅच.

भावोजी फाटकातूनच ओरडले, "जॉर्ज, स्टॉप! मागे ये!"

"अरे, ठिणगीसुद्धा नाही. डेड आहे ती. मेंढ्या सोडायच्यात मला."

"ठिणगी नसली तरी लाइव्ह असू शकते. प्लीज, जॉर्ज. माझ्यासाठी थांब."

तो थांबला, चिडून, पण थांबला. पॅच थांबली नाही. तारेपर्यंत पोचायच्या आधीच, ओल्या जमिनीतून पसरलेल्या विजेने ती कोसळली. जॉर्ज तिच्याकडे धावणार, तर भावोजींनी त्याला नावाने हाका मारमारून जागीच खिळवून ठेवलं. रेडिओवरून कंट्रोल रूमला कळवलं, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत दोघं तसेच उभे. जॉर्ज रडत होता आणि शिव्या देत होता, तुमच्या बोर्डाला, तुझ्या तारांना, तुला.

खाली आलेल्या तारेच्या टोकाशी छर्‍यांचे व्रण सापडले. भावोजींनी ते त्याला दाखवले नाहीत. "त्याला माहीत होतं," ते मला म्हणाले. "आणखी काय सांगायचं?" त्यानंतर जॉर्ज यायचा बंद झाला. भावोजींनी त्याचं नाव काढलं नाही, पण त्या हिवाळ्यात ते फार थकल्यासारखे दिसत.

दोनेक वर्षांनी, गावच्या हॉलमध्ये भावोजींचं दरवर्षीचं बोलणं चालू असताना मागच्या रांगेतून जॉर्ज उठला. "कुत्री मी मारली," म्हणाला. "कबुतरावर नेम धरून मीच ती तार तोडली. आणि या माणसाने मला थांबवलं नसतं, तर मीही इथे नसतो." त्या रविवारी जॉर्ज पुन्हा जेवायला आला.

गेल्या रविवारी मी ताईकडे होते, तेव्हाही तो आला. खूप म्हातारा झालाय. भावोजींच्या खोलीत, खिडकीजवळ बसला. ताईने चहा दिला.

"शूटिंग सुरू झालं का?" ताईने विचारलं.

"झालं. मी क्लबात जाऊन सांगितलं सगळ्यांना. तो सांगायचा तसंच." त्याने कप खाली ठेवला. "ऐकत नाहीत गं ते."

"हेही दर ऑक्टोबरला घरी येऊन हेच म्हणायचे," ताई म्हणाली, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा थोडीशी हसली.